मदत हवी आहे: लेकीला चॉकलेट सिस्ट निघाली, एक डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, दुसऱ्या डॉक्टर गोळ्या म्हणतात (इंदूर)

सुदामानगरकर:
नमस्कार, इंदूरहून लिहितेय. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

लेक 22 वर्षांची, लग्न झालेलं नाही, विजय नगरला एका ऑफिसात नोकरी करते. पाळी तेराव्या वर्षी आली आणि चौदाव्यापासून दुखणं सुरू, म्हणजे अक्षरशः लोळायची, उलट्या व्हायच्या, महिन्याला दोन दिवस शाळा बुडणार हे ठरलेलंच. आणि मी तिला काय सांगायचे, अगं मलाही दुखायचं, आजीलाही दुखायचं, होईल सवय. मेफ्टाल स्पास या पाळीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची पट्टी डब्यात कायम. आठ वर्षं असं चाललं. आता ते आठवलं की घास उतरत नाही.

गेल्या दीड वर्षापासून पाळी नसतानाही उजवीकडे दुखतं आणि पाळीच्या दिवसांत संडासला बसलं की इतकं दुखतं की रडते. हे तिने मला सांगितलंच नव्हतं, तिच्या मैत्रिणीकडून कळलं. आईला सांगून काय उपयोग असं वाटलं असेल तिला, चूक माझीच.

मागच्या महिन्यात ऑफिसात चक्कर येऊन पडली तेव्हा सोनोग्राफी केली, पोटावरूनच केली कारण लग्न झालेलं नाही. उजव्या ओव्हरीत 4.2 सेंटिमीटरची सिस्ट, रिपोर्टात एंडोमेट्रिओमा म्हणजेच चॉकलेट सिस्ट लिहिलंय. रक्तात सीए-125 (ओव्हरीच्या कॅन्सरची शंका असली तरी करतात ती टेस्ट) 71 आलं, बाजूला 35 च्या आत हवं असं छापलेलं. मी नेटवर बघितलं तर सगळीकडे कॅन्सर कॅन्सर, मी आणि तिचे बाबा रात्रभर जागेच.

एका मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले उशीर नको, दुर्बिणीतून काढून टाकू, लगेच पुढच्या गुरुवारची तारीखच दिली, पाच मिनिटांत बाहेर. दुसऱ्या डॉक्टर बाई म्हणाल्या डायनोजेस्ट ही हॉर्मोनची गोळी, 2 मिग्रॅ रोज एक, तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी. सासूबाई म्हणतात देवासचं स्थळ आलंय, लग्न करून टाका, एक मूल झालं की पोट आपोआप साफ होतं. मुलगी म्हणते आई तू सांगशील ते, आणि मला काहीच समजून नाही राहिलं. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी प्लीज सांगा. गुरुवारची तारीख ठेवू का रद्द करू?

बडोदेकर_34:
ताई, आधी श्वास घ्या. चॉकलेट सिस्ट ज्या आजारात होते त्या एंडोमेट्रिओसिसमध्ये सीए-125 बरेचदा वाढतं, पाळी चालू असतानाही वाढतं, माझं तर 110 होतं. त्यावरून कॅन्सर ठरत नाही. युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत तर हा आजार ओळखायला ही टेस्ट वापरूच नका असं आहे.

मला हे 26 व्या वर्षी कळलं, मीही दहा वर्षं अंगावर काढलं होतं. माझ्या डॉक्टरांनी समजावलं ते असं, गर्भाच्या पिशवीच्या आत जे अस्तर असतं तसंच अस्तर बाहेर ओव्हरीवर, आतड्यावर, लघवीच्या पिशवीवर कुठेही रुजतं. दर महिन्याला तिथेही सूज येते, रक्त येतं, पण बाहेर पडायला वाट नसते. मग आतले अवयव एकमेकांना चिकटतात, आणि ओव्हरीत जुनं रक्त साठून घट्ट तपकिरी होतं ती चॉकलेट सिस्ट. जगात साधारण दहातल्या एकीला हा आजार असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि कळायला कित्येक वर्षं लागतात हेही तीच सांगते. म्हणजे आठ वर्षं गेली त्यात तुम्ही एकट्या दोषी नाही, माझ्या आईलाही मी हेच सांगते.

आता खरं महत्त्वाचं. संडासला बसताना दुखतं हे दोन्ही डॉक्टरांना सांगितलं का? तुम्ही लिहिलंय त्यावरून वाटतंय की नाही. पाळीत तिथे दुखणं म्हणजे आतड्याच्या आसपास खोलवर असू शकतं, पोटावरच्या सोनोग्राफीत ते बरेचदा दिसत नाही. लग्न न झालेल्या मुलीची आतून सोनोग्राफी सहसा करत नाहीत, त्यामुळे ऑपरेशनआधी पेल्व्हिसचा म्हणजे ओटीपोटाचा एमआरआय मागा. माझं पहिलं ऑपरेशन एमआरआय न करताच झालं, फक्त सिस्ट काढली, आतड्यावरचं राहूनच गेलं, वर्षभरात पुन्हा तेच दुखणं आणि दुसऱ्यांदा पोट उघडायची वेळ आली, तेव्हा आतड्याचे सर्जन सोबत होते. हे तुमच्या लेकीचं होऊ नये एवढंच वाटतं.

दुसरं, ऑपरेशनच्या आधी एएमएच टेस्ट करा, ओव्हरीत बीजं साधारण किती शिल्लक आहेत ते त्या रक्ताच्या टेस्टमध्ये कळतं. सिस्टची साल सोलून काढताना चांगली बीजंही थोडी जातात, माझं एएमएच 3.1 वरून 1.2 वर आलं आणि ते आधी कुणी सांगितलंच नव्हतं. याचा अर्थ ऑपरेशन वाईट असा नाही, कधीकधी तेच लागतं, आणि अनुभवी हातांनी मुळापासून काढलं तर खूप आराम पडतो. पण पाच मिनिटांत ठरवण्यासारखी ही गोष्ट नाही.

डायनोजेस्ट मी चार वर्षं घेतेय. पहिले तीन महिने थेंब थेंब अंगावरून जात राहतं, मूड जातो, त्याने घाबरून सोडू नका. दुखणं हळूहळू उतरतं, सिस्ट कित्येकींची लहान होते, पण गोळी बंद केली की परत येऊ शकते. ऑपरेशननंतरही पुन्हा होऊ नये म्हणून हीच देतात.

लष्करवाली_वहिनी:
ग्वाल्हेरहून. सासूबाईंना प्रेमाने पण ठामपणे सांगा, मूल हा या आजाराचा इलाज नाही. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काहींना बरं वाटतं, नंतर पुन्हा सुरू होतं. मला दोन मुलं आहेत आणि दुसऱ्यानंतरच जास्त त्रास झाला. आणि स्थळाची घाई करून मुलीला आजारासकट दुसऱ्याच्या घरात ढकलू नका हो, तिथे रजा कोण देणार, गरम पाण्याची पिशवी कोण भरून देणार.

मेफ्टालचं सांभाळून. त्यातल्या मेफेनॅमिक ॲसिडच्या रिॲक्शनबद्दल 2023 च्या शेवटी सरकारी सूचना निघाली होती, क्वचितच होते पण अंगावर पुरळ, ताप आला तर लगेच बंद करून डॉक्टरकडे. आणि अचानक जोराचं दुखून उलट्या, ताप असं झालं तर वाट न बघता इमर्जन्सीत न्या, सिस्ट फुटलेली किंवा पिळली गेलेली असू शकते.

सुदामानगरकर:
दोघींचे कसे आभार मानू. काल गुरुवारची तारीख पुढे ढकलली. दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे परत गेलो आणि या वेळी मी गप्प बसले, लेकीलाच बोलू दिलं. संडासचं सांगितल्यावर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि वीस मिनिटं विचारत राहिल्या. एमआरआय सोमवारी आहे, एएमएचचं रक्त दिलंय. काल रात्रीपासून गोळी सुरू केली, दहा वाजताचा अलार्म तिने माझ्याही फोनमध्ये लावलाय.

देवासच्या लोकांना तिच्या बाबांनी फोन करून सध्या नाही म्हणून सांगितलं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. आज सकाळी तिच्या खोलीत जाऊन बसल्या, किती दुखतं गं म्हणून विचारत होत्या, मी दारातूनच परत फिरले.

बडोदेकर ताई, आतड्यावर काही निघालंच तर स्त्रीरोगाचे आणि आतड्याचे सर्जन एकत्र ऑपरेशन करतात असं इंदूरमध्ये कुठे होतं, की अहमदाबाद-मुंबईला जावं लागेल? तुम्ही डॉक्टर निवडताना त्यांना काय काय विचारलं होतं तेही लिहा. सोमवारचा रिपोर्ट आला की इथेच टाकते.