जर्मनी: डिपेंडंट व्हिसावर फ्रीलान्स चित्रकाम, सल्ला हवा

रेघारंग
नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या नोकरीमुळे म्युनिकला आलो आहोत, माझा परवाना फॅमिली रियुनियनचा. पुण्यात मुलांची पुस्तकं आणि दिवाळी अंकांसाठी चित्रं काढायचे, तेच इथे फ्रीलान्स करायचं आहे. वेगळा व्हिसा लागेल का? नोंदणी, विमा, दर याबद्दल जाणकारांनी सांगावं. जर्मन भाषा बी१ पातळीपर्यंत येते.

जमाखर्च
वेगळा व्हिसा नको. परवान्यावर 'एर्वेर्ब्सटेटिग्काइट एर्लाउब्ट' छापलेलं असेल तर नोकरी आणि स्वतंत्र व्यवसाय दोन्ही चालतं. 'बेशेफ्टिगुंग' एवढंच असेल तर मात्र फक्त नोकरीची मुभा; मग आधी परदेशी नागरिक कार्यालयाला विचारा.

नोंदणी फिनान्सआम्टकडे (कर कार्यालय), एल्स्टर या त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवर. पत्ता नोंदवल्यावर पोस्टाने येणारा ११ अंकी टॅक्स आयडी आधी हवा. एल्स्टरचा अ‍ॅक्टिव्हेशन कोडही पोस्टानेच येतो, म्हणून पहिलं काम मिळायची वाट पाहू नका, खातं आत्ताच उघडा. काम सुरू झाल्यापासून महिन्याच्या आत 'फ्रागेबोगन' (करनोंदणीची प्रश्नावली) भरायचा. त्यात 'फ्रायबेरूफ्लर' (स्वतंत्र व्यावसायिक) निवडा. चित्रकार कलावंतांत मोडतो, गेवेर्बे (व्यापार-धंदा) नोंदणी लागत नाही.

फॉर्ममध्ये दोन जागी लोक चुकतात. पहिली, अंदाजे नफा. उत्साहात मोठा आकडा टाकला तर दर तिमाहीला आगाऊ कर मागणारं पत्र येतं. दुसरी, क्लाइनउंटरनेमर, म्हणजे छोट्या व्यावसायिकाची सवलत. आधीच्या वर्षाची उलाढाल २५,००० युरोंच्या आत असेल तर बिलावर व्हॅट लावावा लागत नाही (२०२५ पासूनची मर्यादा). तुम्हाला हेच सोयीचं. पण आयर्लंडमधून बिल येणारं सॉफ्टवेअर व्यवसायासाठी घेतलं आणि बिलावर व्हॅट नसेल, तर त्यावरचा १९ टक्के व्हॅट तुम्हीच भरायचा असतो. हे बहुतेकांना उशिरा कळतं.

नवऱ्याबरोबर एकत्र कर भरणार असाल तर तुमचा नफा त्याच्या पगारावर चढतो. त्यामुळे पहिल्या युरोपासून कर लागू शकतो. प्रत्येक बिलातले ३० टक्के वेगळ्या खात्यात टाका.

कुंचला
वरच्या प्रतिसादाला +१. विम्यावर मी सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

कलावंतांसाठी इथे क्युन्स्टलरसोत्सियालकासे ही सामाजिक विम्याची संस्था आहे, सगळे केएसके म्हणतात. आरोग्य, शुश्रूषा आणि पेन्शन या तिन्हींचा अर्धा हप्ता तुमचा, उरलेला अर्धा केएसके घालते. एरवी दोन्ही वाटे आपल्याच खिशातून जातात. वर्षाला ३,९०० युरोंपेक्षा जास्त नफा अपेक्षित हवा. नवोदितांना पहिली ३ वर्षं ही अट नाही. केएसके ऐच्छिक नाही, अटींत बसत असाल तर अर्ज करायलाच हवा.

संरक्षण फार तर अर्ज पोहोचलेल्या दिवसापासून मिळतं, मागच्या तारखेने नाही. म्हणून 'जम बसल्यावर बघू' म्हणू नका. पण नुसता फॉर्म पाठवला तर तो अडकतो. काम पैशासाठी चाललंय हे दिसलं पाहिजे: करार, बिलं, बँकेत जमा झालेली रक्कम, प्रकाशकांशी झालेल्या ईमेल, वेबसाइट. तुमची जुनी मराठी पुस्तकंही जोडा, नावाचं पान आणि त्याचं जर्मन भाषांतर यांसह.

तोवर नवऱ्याच्या सरकारी विम्यात फुकट राहता येईल, पण नफा ठरावीक मर्यादेच्या आत हवा (२०२५ मध्ये ती महिना ५३५ युरो होती) आणि काम पूर्णवेळ नको. केएसके लागू झाली की तिथून बाहेर.

ग्राहक म्हणाला, 'केएसकेची वर्गणी तुमच्या मानधनातून कापतो', तर ठाम नाही म्हणा. ती वर्गणी ग्राहकानेच भरायची असते, तुम्ही सदस्य असा वा नसा.

रेघारंग
फारच उपयोगी! प्रिंट्स आणि चित्रं छापलेले कॉफी मग ऑनलाइन विकायचा विचार आहे, आणि पुण्यातल्या प्रकाशकांची कामंही चालू ठेवायची आहेत. चालेल ना?

जमाखर्च
कॉफी मग विकणं हा व्यापार, त्याला गेवेर्बे नोंदणी लागेल. दोन्हींचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. वेबसाइटवर इम्प्रेसुम (मालकाच्या नाव-संपर्काचं पान) हवंच, खऱ्या पत्त्यासह; पोस्ट बॉक्स चालत नाही.

पुण्याचं मानधनही जर्मनीत दाखवायचं. भारतातलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करून घ्या, फेमा या परकीय चलन कायद्याने ते बंधनकारक आहे.

पानपट्टी
दराबद्दल. वर्षात कामाचे २६० दिवस धरा. सुट्ट्या, सण, आजारपण वजा जाता २१० उरतात. त्यातले निम्मे पोर्टफोलिओ, ईमेल आणि हिशेबात जातात, म्हणजे बिल लावता येणारे सुमारे १०५. वर्षाला २४,००० नफा आणि ४,५०० खर्च धरला तर दिवसाला साधारण २७० युरो होतात, आणि कर, विमा त्या नफ्यातूनच जायचा. दोन पानी चित्राला दोन दिवस लागत असतील तर ५४० च्या खाली उतरू नका.

हे फक्त मेहनतीचे. वापराचे पैसे वेगळे मागा, आणि करारात कुठल्या माध्यमासाठी, कुठल्या देशांत, किती वर्षं आणि एकट्या त्यांनाच का, हे चारही लिहून घ्या. जर्मन कायद्यात मूळ लेखकहक्क विकताच येत नाही, फक्त वापराचे हक्क देता येतात. पुण्याच्या करारांतही मुदत आणि प्रदेश लिहून घ्या. भारतीय कायद्यात ते लिहिलेलं नसेल तर ५ वर्षं आणि भारत एवढंच धरलं जातं, पण कायमचे हक्क लिहून दिले असतील तर ही सोय लागू होत नाही.

व्हीजी बिल्ड-कुन्स्ट या चित्रांच्या वापराचं मानधन गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं सदस्यत्व चित्रकारांना मोफत आहे, ते आजच घ्या. प्रकाशकांना १२-१५ चित्रांची हलकी पीडीएफ पाठवा, त्यात एकच पात्र निदान तीन वेगवेगळ्या प्रसंगांत दिसू दे. संपादक तेच आधी शोधतात, कारण एक सुंदर चित्र काढणारे पुष्कळ असतात, पण पुस्तकभर तोच चेहरा टिकवणारे कमी.