चूल, छप्पर, सातबारा, देव : तुमच्या घरात आधी काय वेगळं झालं?

इरावती कर्वे यांनी १९५३ साली केलेली एकत्र कुटुंबाची व्याख्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. साधारण एका छपराखाली राहणारी, एका चुलीवर शिजलेलं खाणारी, मालमत्ता सामाईक असलेली, कुळाचार एकत्र करणारी आणि ठराविक नात्यांनी बांधलेली माणसं. परीक्षेत एवढं लिहिलं की मार्क मिळतात. घरात मात्र या गोष्टी एकदम सुटत नाहीत. आमच्याकडे (सातारा) छप्पर वडिलांच्या बदलीत सुटलं, चूल त्याच्या आधीच सुटली होती, देव अजून एकत्र आहेत आणि सातबाऱ्यावर कधीच वारलेले आजोबा. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुव्याचा अभ्यास केला तेव्हा त्यांनाही हेच दिसलं होतं : घरं वेगळी झाली म्हणून कुटुंब वेगळं झालंच, असं नाही.

तर या धाग्यावर लिहा. ‘पूर्वी किती छान होतं’ आणि ‘सुटलो एकदाचे’ एवढ्यावर थांबू नका. आधी काय वेगळं झालं, कशामुळे, आणि अजून काय एक आहे? खरी नावं नकोत.

पाणंद (सांगली)

आमच्यात चुली चार आणि सातबारा एक, असं बरीच वर्षं चाललं. सातबाऱ्यावर थोरल्या चुलत्यांच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ होतं, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ऊसबिल त्यांच्याच खात्यावर यायचं, ते वहीत हिशोब मांडून वाटायचे. कुरबुर असायची, पण ती वहीपुरती.

मग २०१९ च्या फेब्रुवारीत पीएम किसान आली. वर्षाला ६ हजार. तिच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठराच्या आतली पोरं, आणि जमीन नावावर पाहिजे. आमच्यात हप्ता एकट्या चुलत्यांना. चुलतभाऊ म्हणाला, वाटणी करून टाकू, चौघांना मिळेल. चौकशी केली तर १ फेब्रुवारी २०१९ ला नाव असलं तरच मिळतंय. नंतर वाटून काही उपयोग नाही, वारसाने नाव लागलं तर गोष्ट वेगळी. विषय तिथंच संपायला पाहिजे होता. पण वाटणी हा शब्द एकदा जेवताना निघाला की परत ताटाखाली जात नाही. तहसीलदारांकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली अर्ज, चौघांच्या संमतीच्या सह्या, मोजणी, हद्दीचे दगड, सगळं झालं. मिळणारच नव्हत्या त्या हप्त्यापायी जमीन वाटली गेली.

विहीर आणि मोटार मात्र सामाईक. पाण्याच्या पाळ्या ठरल्यात. रात्रीची लाईट असली की मोटार चालू करायला कुणी उठायचं, यावर आमची आता खरी भाऊबंदकी चालते.

तवा

वर चुलीचा हिशोब चाललाय, पण चुलीपुढं कोण ते काही आलेलं नाही. म्हणून लिहिते. बार्शीकडचं सासर, मोठं घर. पहाटे ज्वारीच्या भाकरी थापायला बसायचं ते ऊन अंगावर येईस्तोवर. आधी गडीमाणसं, मग पोरं, मग सासूबाई, मग आम्ही जावा. कालवणात तोवर उरायचं काय, तर वरची तर्री.

आमची चूल कुणी भांडून मोडली नाही. धाकट्या जाऊबाईंनी माडीवर एका बर्नरची शेगडी नेली, दिरांना पहाटे चहा लागतो म्हणून. सासूबाई म्हणाल्या, चहानं काय होतंय. मग तिथं पोराची मॅगी व्हायला लागली. मग दूध वेगळं आलं. मग कधीतरी एखादी भाजी, ‘ह्यांना आवडते’ म्हणून. वर्षभरानं सासऱ्यांनी पितळी पातेली वाटून दिली तेव्हा घर आधीच वेगळं झालेलं होतं, सांगायचं तेवढं राहिलं होतं.

गावात आम्हां दोघींना नावं ठेवली. घर मोडलं की सुनांनीच मोडलं, हे ठरलेलंच. पण वेगळी झाल्यावर भाजीवाल्याला स्वतःच्या हातानं पैसे दिले ते मी पहिल्यांदा. त्याआधी घरात पैसा कुणाकडं असतो हे ठाऊक होतं, किती असतो ते नव्हतं. आणि जावेशी माझं आत्ता पटतं. एका चुलीवर होतो तेव्हा एकमेकींच्या भाकऱ्या मोजत होतो.

माळवाट (सिंधुदुर्ग, मुक्काम डोंबिवली)

कोकणातल्या घरांचं छप्पर फार आधी सुटलंय, फक्त त्याला कुणी विभक्त म्हटलं नाही. आजोबा गिरणीत, जेवण लालबागला खाणावळीत, आजी गावाला भात लावत्येय, मध्ये मनिऑर्डर. नवरा-बायको वर्षातून एकदा भेटायचे आणि तरी कुटुंब ‘एकत्र’.

आता चुलतभाऊ विरार, ठाणे, बंगळूर असे पांगलेत. मूळ घराला कुलूप. पण गणपती एकच, त्याच घरात. वडील सांगून गेले, “गणपती मोडूचो नाय.” ज्याची पाळी त्याने मूर्ती, भटजी, माटवीचं (गणपतीच्या वर बांधतात त्या मांडवीचं) सामान आणि जेवणाचा खर्च बघायचा. घरपट्टी आणि कौलं फिरवण्याचे पैसे ग्रुपवर मागावे लागतात आणि तेव्हा ग्रुपवर शांतता असते, ते सोडा.

मागे चुलतबहिणीने विचारलं, पाळीत माझं नाव का नाही? जेवणं काढायला तर मीच असते. कुणाकडे धड उत्तर नव्हतं. काका म्हणाले, असं कधी झालेलं नाही. गेल्या वर्षी झालं. गाऱ्हाणं, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं, काकांनीच घातलं आणि त्यात घराच्या लेकीचं नाव घेतलं. “व्हय म्हाराजा” सगळ्यांनी म्हटलं, थोडं मागेपुढे.

थोरलीताई

वरच्या चुलतबहिणीला शाबासकी. माझं प्रकरण देवापर्यंत नाही, सातबाऱ्यापर्यंत.

लग्न १९९१ चं, माहेर नाशिक जिल्ह्यातलं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. माझ्या पाठच्या बहिणीचं लग्न १९९७ ला. म्हणजे एका आईच्या दोन लेकी, एक हक्कदार आणि एक पाहुणी. २००५ ला केंद्राने कायदा बदलला, लग्नाची ती अट गेली. आमचे वडील त्याआधीच वारलेले, त्यामुळे वाद तसाच राहिला. २०२० च्या ऑगस्टमध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, वडील २००५ ला हयात असण्याची गरज नाही. आमच्याकडे तोवर वाटप झालेलं नव्हतं.

निकालानंतर भाऊ साडी आणि हक्कसोडपत्राचा मसुदा घेऊन आला, दोन्ही एकाच पिशवीत. बहिणीने सही केली. तिला माहेर हवं होतं आणि माझा तिच्यावर राग नाही. मी म्हटलं, साडी ठेव, कागद घेऊन जा. त्या भाऊबीजेला ओवाळून घेतलं त्याने, पण जेवला नाही.

आता माझं नाव लागलंय. जमीन तोच कसतो, हिस्सा मी मागितलेला नाही. लोक विचारतात, मग नाव कशाला? असू दे. त्याला जमिनीवर कर्ज काढायचं तर माझ्याही सहीशिवाय होत नाही, एवढ्यासाठी तरी असू दे.

वाढं (बीड जिल्हा, आता लातूर)

आमचं घर दरवर्षी मोडायचं आणि दरवर्षी जुळायचं. दसरा-दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला कारखान्यावर, कधी कोल्हापूरकडं, कधी कर्नाटकात. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत, पाडव्याच्या पुढंमागं. मुकादम (टोळी नेणारा) उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती नवरा-बायकोच्या जोडीला. जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता. आमच्याकडं पोरींची लग्नं लवकर का होतात, याचं निम्मं उत्तर इथं आहे. हुंडा, शिक्षण, पोरीची काळजी हे सगळं आहेच, पण पोराला जोडी लागते.

गावात राहायची म्हातारी माणसं आणि पोरं. आजीच्या चुलीवर आम्ही तीन घरची भावंडं. आई परत आली की धाकटा पहिले काही दिवस तिच्याजवळ झोपायचा नाही. तिला ते लागायचं, पण ती बोलायची नाही, आल्या आल्या घर सारवायला घ्यायची.

धाग्यात सामाईक मालमत्तेचं विचारलंय. कोरडवाहू दोन एकर होतं, त्याचं कुणाला अप्रूप नव्हतं. आमच्याकडं सामाईक होती ती उचल. एका हंगामाला आई आजारी पडली, पैसे फिटले नाहीत, तर मुकादमानं पुढच्या वर्षी काका-काकूंनाही त्याच टोळीत ओढलं. काका वेगळे राहायचे, चूल वेगळी होती. मुकादमाच्या वहीत मात्र दोघं भाऊ एकाच पानावर.

मी नर्सिंग केलं. माझं लग्न अजून व्हायचंय आणि त्याची गावात माझ्यापेक्षा जास्त काळजी आहे.

धुकट (रेडिंग, इंग्लंड)

पाणंद यांनी लिहिलेली सरकारी कुटुंबाची व्याख्या इकडेही तशीच आहे. २०१२ च्या जुलैपासून इथे आईवडिलांना कायमचं आणायचं तर सिद्ध करावं लागतं की अंघोळ, कपडे, जेवण यांसारखी रोजची कामं त्यांना स्वतः जमत नाहीत, आणि ती काळजी मायदेशात पैसे देऊनही मिळू शकत नाही. पुण्यात पैसे देऊन बाई मिळते, म्हणजे अर्ज तिथेच पडतो. मी एकुलती एक. आई पाहुणी म्हणून येते, जास्तीत जास्त सहा महिने, आणि थंडी सुरू व्हायच्या आत परत जाते.

आईकडे चोवीस तासांच्या ताई आहेत. यवतमाळकडच्या, त्यांची दोन मुलं गावी त्यांच्या सासूबाईंजवळ. माझ्या आईला त्या सांभाळतात, त्यांच्या मुलांना कोणी तिसरीच सांभाळते. बीडचा अनुभव वाचल्यावर हे लिहावंसं वाटलं. एरवी आमच्या घरच्या गोष्टीत त्या मुलांचा उल्लेखही आला नसता.

तिसरा मजला (वरळी, बीडीडी चाळ)

थोडक्यात. १६० चौरस फुटांचा गाळा, तीन भावांचे संसार, पोटमाळा, रात्री पुरुष गॅलरीत. कधी ‘माझं किती’ निघालं नाही, कारण वाटण्यासारखं काही नव्हतंच. पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचं घर मिळणार, एका गाळ्याला एकच. पहिल्या किल्ल्या २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्या, आमची इमारत अजून रांगेत आहे. जागा तिप्पट होणार म्हटल्यापासून घरात दोन वकील आहेत.

अबोली

माझे वडील आणि एक काकू एकत्र राहतात. दोघंही सत्तरीत, दोघांचे जोडीदार गेलेले. लग्न केलेलं नाही. हे काही बंड वगैरे नाही. काकूंचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. पुनर्विवाह केला की विधवेचं कुटुंब निवृत्तिवेतन थांबतं. निपुत्रिक असेल तर नियम वेगळा आहे, यांना दोन मुलं. काकूंना आपला पैसा आपल्या हातात हवाय, आणि तवा यांचं वाचल्यावर तर मला ते अगदीच पटतं.

इरावतीबाईंच्या यादीत बसवायचं तर छप्पर एक, चूल एक, मालमत्ता पूर्ण वेगळी. नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारा, त्यांनी ‘भाडेकरू’ लिहिलंय. देवघरात दोन अन्नपूर्णा आणि दोन बाळकृष्ण आहेत, माझ्या आईचे आणि काकूंचे. वडील नास्तिक. चौघांना अंघोळ तेच घालतात, काकूंचे गुडघे दुखतात म्हणून.

तळी

पिंपरी-चिंचवड. आमच्यात सगळंच वेगळं झालंय, देवही. मोठ्या भावाशी बोलणं नाही, त्याने टाक (देवांचे धातूचे पत्रे) नेले, आम्ही नवे करून घेतले. पण खंडोबाची तळी, म्हणजे भंडाऱ्याचं ताट, मिळून उचलायला पाचजण लागतात आणि फ्लॅटमध्ये पुरुष आम्ही दोन, मी आणि मुलगा. पहिल्या चंपाषष्ठीला पंचाईत झाली. बायको म्हणाली, शेजाऱ्यांना बोलव. मग समोरचा पाटण्याचा इंजिनिअर, वरच्या मजल्यावरचे केरळी काका आणि वॉचमन. भंडारा उधळल्यावर लिफ्टचं बटण आठवडाभर पिवळं होतं, सोसायटीची नोटीस आली.

आता दरवर्षी हेच पाच. पाटणावाला सुट्टी टाकतो. “सदानंदाचा येळकोट” तो माझ्या मुलापेक्षा मोठ्याने म्हणतो, आणि भरीत-रोडग्याचा डबा घरी मागून नेतो.