मामा कागदावर उतरत नाही

प्रश्न: आमच्या मामांचं नागपूरच्या इतवारीत किराणा दुकान होतं. त्यांचं व्यक्तिचित्र लिहायला बसलो की "प्रेमळ, कष्टाळू" एवढंच सुचते. मामा कुठं दिसतच नाही.

उत्तर: विशेषणं काढून टाक न बावा. उधारी कशी मागायचे ते लिही.

प्रश्नकर्ता: मागतच नव्हते! गिऱ्हाईक आलं की वही उघडायची आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसायचं. समोरचा लाजून पैसे काढायचा.

उत्तर: झालं की मग! पु. ल. देशपांड्यांचा नारायण आठवा, लग्नघरातल्या धावपळीतूनच तो उभा राहतो. ('व्यक्ती आणि वल्ली' या व्यक्तिचित्रांच्या पुस्तकातला; त्याला १९६५ चा साहित्य अकादमी पुरस्कार.) पण खऱ्या माणसाचं लिहिता, तर मामींना आधी वाचून दाखवा.

प्रश्नकर्ता: दाखवलं. म्हणाल्या, "चष्मा कायचा पुसते, डोळा लागायचा त्यायचा."