मदत हवी आहे: रोबॉट्स फाइलने अडवलेली फिल्टरची पानं इंडेक्समधून कशी काढावीत?

क्लायंटच्या ऑनलाइन दुकानात वस्तू जेमतेम १,२०० आहेत, पण रंग-माप-किंमत या फिल्टरांच्या जोड्यांतून ४०,०००च्या वर यूआरएल तयार झाल्यात आणि त्यातल्या बऱ्याच गूगलच्या इंडेक्समध्ये (शोधात दाखवायच्या पानांच्या साठ्यात) गेल्यात. चूक माझीच. त्या पानांवर नोइंडेक्स ('हे पान इंडेक्समध्ये ठेवू नका' ही खूण) टाकलं आणि त्याच दिवशी रोबॉट्स फाइलमध्ये डिसअलाउही केलं, म्हणजे बॉटना ती पानं उघडायलाच मनाई केली. गूगलबॉटला (गूगलसाठी पानं वाचणाऱ्या प्रोग्रॅमला) पान उघडताच येत नाही, मग नोइंडेक्स दिसणार कुठून? आता सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनात) 'इंडेक्स केले, पण रोबॉट्स फाइलने अडवलेले' हा आकडा तीन महिने तसाच आहे.

रिमूव्हल टूल वापरून पाहिलं, पण ते साधारण सहा महिनेच पान लपवतं, तो कायमचा इलाज नाही. साइटमॅपमध्ये (गूगलला दिलेल्या पानांच्या यादीत) या यूआरएल नाहीत. कॅनॉनिकल (मुख्य पान कोणतं ते सांगणारा टॅग) मूळ कॅटेगरीकडे आहे, पण अडवलेल्या पानावरचा तोही वाचला जात नाही. अंतर्गत लिंका मात्र अजून आहेत. फिल्टरच्या प्रत्येक चौकटीमागे साधा एचरेफ आहे आणि तो डेव्हलपर पुढच्या रिलीजआधी बदलणार नाही.

डिसअलाउ काढायला हवं, हे कळतंय. पण सर्व्हर लहान आहे. मागे क्रॉल (बॉटचं पानं उघडणं) वाढला तेव्हा ५०३ ('सर्व्हर सध्या उपलब्ध नाही' ही त्रुटी) यायला लागले होते. ४१० ('पान कायमचं काढलं' हा कोड) देता येत नाही, कारण ग्राहक हे फिल्टर रोज वापरतात.

ज्यांनी हे प्रत्यक्ष निस्तरलंय त्यांनी सांगा: डिसअलाउ सगळीकडून एकदम काढावं की एकेका पॅरामीटरने (आधी रंग, मग माप असं)? आणि नोइंडेक्स असताना त्याच पानावर दुसरीकडे बोट दाखवणारा कॅनॉनिकल ठेवावा की तोवर काढून टाकावा?