मदत हवी आहे: वॉर्डाच्या हवेत व्हायरस सापडतच नाही, सगळे सॅम्पल निगेटिव्ह

रात्रपाळी
जरा लवकर सांगा कोणीतरी, शुक्रवारी मीटिंग आहे. मी इन्फेक्शन कंट्रोल बघते. आमच्या मुलांच्या वॉर्डात जुलैपासून फ्लूचे पेशंट येतायत, आणि ४ मुलं अशी झाली की आली जुलाबासाठी नाहीतर हात मोडला म्हणून, आणि सहाव्या-सातव्या दिवशी ताप खोकला, स्वॅब इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह. फ्लूचा इन्क्युबेशन (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) १ ते ४ दिवस, म्हणजे मुलांनी घरून आणलेला नाही. वरचे म्हणतात नातेवाइकांनी आणला, हवेतून पसरला असेल तर दाखवा. म्हणून हवेचे ९ सॅम्पल घेतले, पीसीआर (व्हायरसचा आरएनए शोधायची टेस्ट) केली, ९ च्या ९ निगेटिव्ह. आता तोच कागद मला दाखवतायत, हवा स्वच्छ आहे मग एक्झॉस्टचा खर्च कशाला. काय चुकतंय?

पिपेटवाला
ताई, सॅम्पलर कुठलं, मिनिटाला किती लिटर ओढतं, किती वेळ चालवलं, फिल्टर कशात काढला, काहीच लिहिलं नाहीत. यावर कोण काय सांगणार.

सांगलीची आक्का
आम्ही ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) वर्षानुवर्षं जंतू वाढवायच्या अगारच्या प्लेटा ठेवल्या. जमिनीपासून १ मीटर वर, भिंतीपासून १ मीटर लांब, १ तास उघडी, मग इनक्युबेटरमध्ये घालून कॉलन्या मोजायच्या. स्वस्त पडतं आणि ऑडिटवाल्यांनाही समजतं. तेच करा.

पिपेटवाला
आक्का, त्या प्लेटवर बॅक्टेरिया आणि बुरशी वाढते. व्हायरसला जिवंत पेशी लागते, अगारवर तो वाढणारच नाही. ओटीसाठी तुमची पद्धत बरोबर आहे, इथे नाही चालणार.

रात्रपाळी
सॅम्पलर मिनिटाला ५० लिटरचं, जिलेटिन फिल्टर, १० मिनिटं. फिल्टर १० एमएलमध्ये विरघळवला, लॅबने नेहमीसारखे २०० मायक्रोलिटर घेतले. कंपनीच्या माणसाने असंच दाखवलं होतं, त्यात सांगण्यासारखं काय आहे मला वाटलं नाही.

पिपेटवाला
सगळं तिथेच आहे! हिशोब बघा. ५० गुणिले १० म्हणजे ५०० लिटर, अर्धा घनमीटर. समजा घनमीटरला व्हायरसच्या १० कॉप्या आहेत, तर फिल्टरवर आल्या ५, आणि त्यासुद्धा सगळ्या अडकल्या असं धरून. १० एमएलमधले २०० मायक्रोलिटर घेतले म्हणजे पन्नासावा भाग. त्यातून ५० मायक्रोलिटर आरएनए निघाला आणि पीसीआरमध्ये ५ घातला, म्हणजे आणखी दहावा भाग. पाचशे भागांतला एकच भाग तुम्ही तपासला. ट्यूबमध्ये ०.०१ कॉपी, ती कुठून दिसणार? घनमीटरला हजार कॉप्या असत्या तरी तुमच्या ट्यूबमध्ये जेमतेम १ पोचली असती. हवा स्वच्छ असं तुमचा रिपोर्ट म्हणतच नाहीये. घशाचा स्वॅब ३ एमएल व्हीटीएममध्ये (व्हायरस टिकवायच्या द्रवात) असतो आणि त्यात लाखो कॉप्या असतात, तीच पद्धत हवेला लावून कसं चालेल.

आणि आरएनेज पी आला होता का?

रात्रपाळी
तो स्वॅब नीट घेतलाय की नाही यासाठी असतो ना? हवेला कशाला बघायचा? रिपोर्टमध्ये लिहिलेला नाही.

पिपेटवाला
तो माणसाचा जीन आहे. वॉर्डात २० माणसं श्वास घेतायत, फिल्टरवर तोसुद्धा आला नसेल तर तुमचं सॅम्पलच हुकलंय, मग फ्लूचं निगेटिव्ह धरायचंच नाही. लॅबकडून रॉ डेटा मागा.

कोथरूडचे काका
एवढं मोजत बसण्यापेक्षा फॉर्मेलिनने फ्युमिगेशन करून घ्या. आमच्या वेळी दर शनिवारी व्हायचं.

मोडनिंबकर
काका, पेशंट असलेल्या वॉर्डात? फॉर्मेलिनने कॅन्सर होतो हे आता पक्कं आहे, आणि डोळ्यांत नुसतं पाणी येतं. वॉर्ड रिकामा करून धूर केला तरी परत पहिलं खोकणारं मूल आत आलं की हवा होती तशीच. यात हवा बदलत कुठे आहे?

हवाबदल
मी व्हेंटिलेशनचं काम करतो. खिडक्या उघड्या आहेत का? एसी कुठला? सॅम्पलर कुठे ठेवलं होतं? हे आधी सांगा. माझं स्पष्ट मत, व्हायरस शोधूच नका, सीओ२ मीटर लावा. बाहेर साधारण ४२० पीपीएम असतं, वॉर्डात १५०० दिसलं की लोकांनी सोडलेली हवाच परत परत आत ओढली जातेय हे शाळकरी पोराला पण कळेल.

पिपेटवाला
मीटर लावाच, पण त्याने ताईंच्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. पेशंट एक असो की दहा, खोकणारे किती हे मीटरला कळत नाही. आणि हेपा (अगदी बारीक कण अडकवणारा हवेचा फिल्टर) लावला तर व्हायरस अडकतो, सीओ२ तेवढाच राहतो. केंब्रिजच्या ॲडेनब्रुक्स हॉस्पिटलमध्ये २०२१ ला कोविड वॉर्डात हेच केलं होतं, फिल्टर बंद असताना हवेत व्हायरस सापडला, चालू असताना नाही सापडला. हे मीटरने दिसलं असतं का?

हवाबदल
तिथे हवा ओढणारी चांगली मशीन होती. इथे ताईंकडे शुक्रवारपर्यंत काय आहे ते बोला.

रात्रपाळी
खिडक्या बंद. पावसाची झड थेट खाटांवर येते आणि डास. स्प्लिट एसी आहेत २. सॅम्पलर नर्सिंग स्टेशनला दाराजवळ ठेवलं, त्याचा आवाज होतो आणि मुलं रडतात.

हवाबदल
झालं. स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाही, आतलीच गार करून फिरवतो. आणि दाराजवळ म्हणजे बाहेरून हवा येते तिथेच तुम्ही मोजलंत. अगरबत्ती लावून धूर कुठे जातो बघा.

मोडनिंबकर
वॉर्डात ऑक्सिजन चालू असताना काडी पेटवायची नाही! कृपया ती ओळ काढा.

हवाबदल
बरोबर, चूक झाली. नेब्युलायझरमध्ये नुसतं सलाइन घाला, मास्क काढा, वाफ सोडा आणि रात्री टॉर्च मारून बघा.

विरारची अनघा
माझ्या भाच्याला वर्षभर खोकला आहे, घरासाठी कुठला एअर प्युरिफायर घ्यावा?

रात्रपाळी
अनघाताई, वेगळा धागा काढा प्लीज.

काल रात्री २ वाजता केलं. वाफ वर जाईल असं मला वाटत होतं. एसीच्या झोताने ती खाली दाबली गेली, जमिनीलगत ४ नंबरच्या खाटेवरून सरकली आणि ११ नंबरच्या कोपऱ्यात जाऊन तिथेच घोटाळत राहिली, टॉर्चच्या उजेडात पांढरी दिसत होती. त्या ४ मुलांपैकी ३ त्याच कोपऱ्यातली. मी बराच वेळ तिथेच उभी होते.

रॉ डेटा पण आला. ९ पैकी ७ मध्ये आरएनेज पी नाही.

पिपेटवाला
मग ते ७ रद्द धरा. आता बिनआवाजाचा छोटा पंप आणि पीटीएफई फिल्टर घ्या, ३.५ लिटरने ४ तास चालवला तर ८४० लिटर होतात. फिल्टर १ एमएलमध्येच काढा आणि पीसीआरमध्ये जास्तीत जास्त आरएनए घाला. एक कोरा फिल्टर सोबत ठेवा, पंप न लावता, म्हणजे हाताळताना काही मिसळलं तर कळेल. संडासातही एक लावा, २०२० ला वुहानच्या हॉस्पिटलात पेशंटच्या छोट्या, हवा न खेळणाऱ्या संडासात कोविडचा व्हायरस जास्त सापडला होता.

रात्रपाळी
आला रिपोर्ट. स्टेशन, ११ नंबर, संडास, तिन्हीकडे आरएनेज पी आहे, कोऱ्या फिल्टरवर नाही. इन्फ्लुएंझा ए फक्त ११ नंबरला, सीटी ३६.

मोडनिंबकर
सीटी म्हणजे कितव्या फेरीला व्हायरस दिसला तो आकडा, जितका जास्त तितका व्हायरस कमी; ३६ म्हणजे कडेवरचं आहे, आणि पीसीआरला मेलेला व्हायरसही दिसतो. एवढ्यावर कुणी ऐकणार नाही.

पिपेटवाला
त्याच आरएनएची परत २ ट्यूबमध्ये पीसीआर करा. दोन्हीत आला तर धरा.

रात्रपाळी
केली, दोन्हीत आला. मीटिंगमध्ये कागदाआधी टॉर्चचा व्हिडिओ दाखवला. एक्झॉस्ट मंजूर झाला, एकच. ११ नंबरच्या डोक्याशी खिडकी आहे, तिथेच लावू ना? इलेक्ट्रिशियन उद्या येतोय.

हवाबदल
तिथेच लावा, दाराकडून हवा आत येईल. पण मग अख्ख्या वॉर्डाची हवा त्या खाटेवरून बाहेर जाणार. फॅन बसवायच्या आधी ११ नंबरची खाट तिथून काढा.