मण्यांचं लटकन तिसऱ्यांदा तुटलं. दोरा बदलू की नाद सोडू?

खिडकीवाली:
मंडळी, रडायचंच काय ते बाकी आहे.

आईच्या तुटलेल्या माळांचे मणी एका पत्र्याच्या डब्यात वर्षानुवर्षं पडून होते. काचेचे, प्लॅस्टिकचे, लाकडी, आणि त्या बारीक लांबट काचेच्या नळ्या. एकाही माळेचे मणी पुरते नाहीत, त्यामुळे पुन्हा माळ व्हायची आशा नव्हती. म्हटलं, सगळे मिळून खिडकीत टांगायला लटकन करू. भरतकामाची १५ सेंटीमीटरची लाकडी रिंग घेतली. तिला १२ सर, प्रत्येक सर साधारण ४० सेंटीमीटर, आणि खाली टोकाला एकेक काचेचा लोलक.

पहिल्यांदा शिवणाचा दोरा दुहेरी करून ओवला. दोन आठवड्यांत नळ्यांपाशी कुरतडल्यासारखा झाला. मग जाड सुती दोरा घेतला, तर तो निम्म्या मण्यांतून जाईचना, मेण लावून झालं, टोक थुंकीने वळून झालं. ज्यांतून गेला ते सर चार दिवसांत लांबले आणि वर रिंगेपाशी बोटभर रिकामा दोरा दिसायला लागला. तिसऱ्यांदा पाव मिलिमीटरचा तंगूस आणला, मासे पकडायच्या गळाचा तो पारदर्शक नायलॉनचा दोरा. दिसायला सुंदर! दोराच दिसत नाही, मणी हवेत तरंगतात. आणि परवा रात्री अडीच वाजता खळ्ळकन आवाज. पाच सर खाली, दोन लोलकांचे टवके उडालेले. मणी अजून सापडतायत, आज सकाळी एक चपलेत मिळाला.

गाठी तीन-तीन मारल्या होत्या आणि वर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंबही टाकला होता. आणखी काय करायचं माणसाने?

आरामखुर्ची:
जाड तंगूस घ्या की. ०.४० चा. विषय संपला.

खिडकीवाली:
आणला होता. बारीक मण्यांतून एकदा जातो, पण लोलकातून वळवून परत वर घ्यायचा तर दुसऱ्यांदा जात नाही.

सुईत_दोरा:
जाडीचा काही संबंध नाही हो. पाव मिलिमीटरचा तंगूस तीन-चार किलो तरी सहज धरतो. तुमचा एक सर वजन करून बघा, वीस-पंचवीस ग्रॅमच्या वर जाणार नाही. त्या वजनाने तो तुटूच शकत नाही.

एक काम करा. पडलेल्या सरांचे दोरे फेकले नसतील तर वरचं टोक उजेडात धरून बघा. टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोरा तुटलेला नाही, गाठ सुटून निघून आलाय. टोक सरळ आणि तुटक असेल तर कशाने तरी कापलाय. दोन्ही रोग वेगळे, औषधंही वेगळी. आधी ते सांगा.

मेणबत्ती:
तो झटपट गोंद मात्र बंद करा. वाळला की काचेसारखा कडक होतो, गाठीपाशी दोरा वाकायचा थांबतो आणि नेमका तिथेच मोडतो. शिवाय त्याच्या वाफेने आजूबाजूच्या मण्यांवर पांढरी भुकटी बसते, ती वेगळीच. मी एक अख्खा निळा सर असा पांढरा करून ठेवलाय. पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब बरा.

खिडकीवाली:
दोरे सापडले! केराच्या डब्यातून काढले, पण सापडले.

पाचांपैकी चारांची टोकं वळलेली आहेत. अगदी स्प्रिंगसारखी. पाचवं सरळ कापलेलं, आणि ते वर नाही, मध्येच एका नळीपाशी आहे. त्या नळीवर बोट फिरवलं तर कड ब्लेडसारखी लागली. सराचं वजन केलं, १९ ग्रॅम. म्हणजे मी तीन महिने दोऱ्याला शिव्या घालत होते आणि दोष माझ्या गाठींचा?

सुईत_दोरा:
चार वेळा गाठीचा, एकदा नळीचा. दोरा निर्दोष सुटला.

तंगूस गुळगुळीत असतो आणि ताठही. सुती दोऱ्याची साधी गाठ त्यावर तीनदा मारली काय नि दहादा काय, लोलक हलत राहिला की ती थोडी थोडी सरकते. गोंदही धरत नाही, कारण तो दोऱ्यावर नुसता बसतो, आत शिरत नाही. त्यासाठी गळाची गाठ मारा. दोरा रिंगेवरून दोनदा फिरवून घ्या. मोकळं टोक सराच्या दोऱ्याभोवती पाच वेळा पिळा. मग तेच टोक रिंगेला लागून जो फास राहिलाय त्यातून काढा आणि हळू आवळा. आवळण्याआधी गाठ जिभेने ओली करायची. हे विसरू नका, कोरडी आवळली की घासून गरम होते आणि तिथला तंगूस कच्चा होतो. पाच पिळे एकाला एक चिकटून बसलेले दिसले की झालं. टोक कापताना दोन-तीन मिलिमीटर ठेवा, अगदी मुळाशी कापू नका.

नळ्यांचं म्हणाल तर त्या कापलेल्या असतात, कड घासलेली नसते. प्रत्येक नळीच्या वर-खाली एकेक बारीक गोल मणी घाला. दोरा मण्याच्या गोल कडेवर टेकतो, नळीच्या धारेवर नाही. फारच धारदार असेल ती नळी काढूनच टाका. ओल्या पॉलिश पेपरवर घासता येते, पण एका नळीसाठी कोण बसणार.

आणि बारा सर लावताना त्यांचं वजन सारखं नसणारच, तुमचे मणी मिश्र आहेत. सगळ्यांची वजनं कागदावर लिहा आणि जवळपास सारख्या वजनाच्या जोड्या समोरासमोर लावा. नाहीतर रिंग एका बाजूला झुकते आणि आपण उगाच वरच्या दोऱ्या लहान-मोठ्या करत बसतो.

उन्हातली_मांजर:
खिडकीत रोज ऊन येत असेल तर तंगूस एक-दोन वर्षांत पिवळट आणि कडक होतो, मग नखाने वाकवला तरी तुटतो. माझ्याकडे झालंय. मी आता नायलॉनचं आवरण असलेली स्टीलची बारीक तार वापरते आणि टोकांना क्रिंप मणी (पकडीने चेपून बसवायचे धातूचे बारीक मणी) दाबते. गाठच नाही, त्यामुळे सुटायचा प्रश्न नाही. तार थोडी दिसते एवढंच.

तरंगण्याची मजा घालवायची नसेल तर तंगूसच ठेवा, पण वर्षाने एकदा उतरवून वाकवून बघा.

खिडकीवाली:
तरंगण्यासाठीच तर एवढा खटाटोप. तंगूसच.

काल रात्री बसले. मणी ताटात नको, आधीच्या वेळी सारखे पळत होते, म्हणून टॉवेल अंथरला. तंगुसाला सुई लागत नाही हे एक सुख. दुसऱ्या टोकाला चिकटपट्टीची घडी लावली, म्हणजे ओवलेले मणी मागून सांडत नाहीत. पहिल्या तीन गाठी सोडून द्याव्या लागल्या, चौथीला ते पाच पिळे एकावर एक असे नेटके बसले की मी चष्मा काढून पुन्हा बघितलं. मग खालून लोलक धरून चांगला हिसका दिला. हलला नाही.

वजनाची यादी केली. सर्वांत हलका ११ ग्रॅम (सगळे प्लॅस्टिकचे, दिसायला काचेसारखेच), सर्वांत जड २६. तो हलका सर मोडून त्यात काचेचे चार मोठे मणी घातले.

एक विचारायचं राहिलं. वाऱ्याने सगळं गरागरा फिरतं आणि सर एकमेकांत अडकतात. त्याला काय?

सुईत_दोरा:
वर टांगायच्या जागी गळाला लावतात ती छोटी गिरकी लावा. रिंग फिरली तरी वरचा दोरा पिळत नाही, मग उलट फिरून झटका बसत नाही. अडकणं पूर्ण थांबणार नाही. १५ सेंटीमीटरच्या रिंगेवर बारा सर म्हणजे दोन सरांत चार सेंटीमीटरही अंतर पडत नाही. आठच लावले तर जवळपास सहा पडतं.

खिडकीवाली:
आठ! बरं झालं सांगितलंत. माझे आठच झालेत आणि बाकीच्या चारांच्या नळ्यांसाठी बारीक मणी कमी पडतायत, कपाट सरकवून शोधत होते.