गच्चीवर सिनेमा बघायला स्वस्तातला प्रोजेक्टर कोणता घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही जुळे सोलापूरला राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरं येणार, तेव्हा रात्री गच्चीवर सिनेमा लावायचा बेत आहे. बजेट १५ हजार, फार तर १८.

गोंधळ ल्युमेन्सचा, म्हणजे उजेडाच्या मापाचा आहे. जाहिरातीत ९,००० ल्युमेन्स लिहितात आणि खाली बारीक अक्षरात एएनएसआय ल्युमेन्स (प्रमाणित पद्धतीने मोजलेला उजेड) २०० निघतात! खरा आकडा एएनएसआयचाच धरायचा, एवढं कळलंय. पण १०० इंची चित्राला, शेजारी रस्त्यावरचा दिवा असताना, २००-३०० पुरतील का? तसंच '१०८० पी सपोर्ट' लिहिलं तरी प्रोजेक्टरचं मूळ रिझोल्यूशन (चित्राची बारकाई) त्याहून कमी, ७२० पी असू शकतं ना?

मागच्या वर्षी एकाचा मागून आणला होता. पडदा म्हणून चादर टांगली, तीही सोलापुरी, नक्षीची! हिरोच्या तोंडावर मोर नाचत होता. यंदा पांढरं कापड घेईन, पण मागून काळं अस्तर लावल्याने फरक पडतो का?

आणखी एक, आपल्याकडचा उकाडा आणि धूळ. बंद ऑप्टिकल इंजिनवाला (आतला भिंगांचा भाग सीलबंद असलेला) घेतला तर धुळीचे डाग खरंच टळतात का? कुणी दोन उन्हाळे वापरलाय का? आवाजाचं बघू, घरी स्पीकर आहे.